साक्षीदारांना काहीही न ठेवण्याचे कारण

मी, उत्तरा मुकुंदराव गलगली, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार नवनगर, हुबळी, धंदा मायावी दुष्टांशी लढणे (सध्या निवृत्त), गुडघे सोडून सर्व बाबतींत ठणठणीत असून, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. यापूर्वीचे रद्द समजावे. तेव्हा मी फार चिडले होते.

१. घर शेजारीण नागुबाईला. तिने माझ्या पाठीत घातलेले धपाटे पुढे येतीलच.

२. दांडपट्टा वितळवून विळ्या कराव्यात. तुटलेल्या सावल्या ज्या सुईने मी माणसांना परत शिवल्या, ती कमरीपेठेतल्या महादेव शिंप्याला. शिवण त्यानेच शिकवली.

३. सावलीपंथाबद्दल. हे लोक गावकऱ्यांच्या सावल्या कापून नेत आणि माणसे अंथरुणाला खिळत. उणकल तळ्यामागे मी त्यांच्या मठपतीचीच सावली कापली. तो भर उन्हात विरून गेला. गावाला मात्र सांगितले, की पंथबिंथ काही नव्हता, साथ होती, गेली. वादिराज वकिलांनी भर सभेत विचारले, "उत्तराक्का, गप्प बसायचे किती मिळाले?" पुढे वर्षानुवर्षे धारवाडात हेच चघळले गेले. त्यांचीही सावली मीच शिवली होती. जरा तिरकी बसली, हे मान्य. सरळ हवी असल्यास महादेवला सांगावे.

कारण आता ऐका. माझा दांडपट्टा सोडला, तर सावली फक्त लहान मुलाच्या हाताने कापली जाते. पळवून आणलेल्या पोरांना भूल घालून पंथाने त्यांच्या हाती कात्र्या दिल्या होत्या. मठपती संपल्यावर शिक्षा भोगायला उरली ती पोरेच. गुन्हे जाहीर केले असते, तर गावाने त्यांचे हात शोधले असते. त्यांना नावेसुद्धा नव्हती. मी एका दुपारी सगळ्यांचे बारसे केले. पाळण्यात मावत नव्हती ती घोडी. आत्या होऊन प्रत्येकाच्या कानात मी नाव सांगितले आणि रिवाजाप्रमाणे दर नावाला नागुबाईने माझ्या पाठीत धपाटे घातले. मठपतीनेही इतके मारले नव्हते. पोरे पहिल्यांदा हसली ती तेव्हा, आणि मी जिंकले तेही तेव्हाच.

४. आता ती मोठी झाली, आपापल्या घरी सुखात आहेत. स्वतःच येऊन म्हणाली, "आत्या, सांगून टाका." साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. म्हणून त्यांतल्या दोघांना मी मुद्दाम काहीही ठेवलेले नाही. मला त्यांच्या सह्या हव्यात. सहीला नाव लागते, ते आधीच दिलेले आहे.

५. मसुदा वादिराजांकडूनच लिहून घेतला. पहिल्या साक्षीदाराशी त्यांचा हात थांबला. समोर त्यांची सून वेदश्री बसली होती. पोर असताना तिनेच त्यांची सावली कापली होती.

"नाव घालू?" त्यांनी मला विचारले.

उत्तर तिने दिले. "बरीरी अप्पा, लिहा. माझंच नाव आहे."

त्यांनी चष्मा पुसला आणि लिहिले. मग म्हणाले, "चुकलो, अक्का." तेही मसुद्यात घालायला लावले आहे.

ठिकाण: नवनगर, हुबळी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

लिहून ठेवणार: उत्तरा मुकुंदराव गलगली

आमच्यादेखत सही केली:
१. वेदश्री मुकुल कट्टी
२. अनिश महादेव शिंपी

मसुदा लिहिणार: वादिराज कट्टी, वकील
(सावली तिरकीच राहू द्यावी.)