मानेतला प्रेशर स्विच

२ मार्च, सोमवार

कारखान्यात वार्षिक तपासणी. डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला. १६८ वर १०४. मी म्हटलं, मशीन बिघडलंय. त्यांनी स्वतःच्या दंडाला लावून दाखवलं. मशीन ठणठणीत.

माझं प्रेशर जास्त! माझं! कापड रंगवायच्या कारखान्यात अर्धं आयुष्य बॉयलर चालवलाय. वाफेचं प्रेशर किती ठेवायचं हे मला झोपेतून उठवून विचारा.

महिनाअखेर नवा बॉयलर सुरू होतोय. त्याचा मुख्य ऑपरेटर मीच, हे शेंबडं पोरही सांगेल. फक्त फिटनेसचा कागद हवा. तो नाही मिळाला तर बॉयलरजवळ उभं राहायची सोय नाही, भांडारात बसून नटबोल्ट वाटायचे. बाईंनी रोज सकाळी एक गोळी घ्यायला सांगितलीय आणि २४ तारखेला परत बोलावलंय.

गोळी म्हणजे जन्माचं लचांड. त्यापेक्षा गोळीविनाच खाली आणतो. संकल्प.

३ मार्च, मंगळवार

बाईंकडे पुन्हा गेलो, तांत्रिक माहिती घ्यायला. त्यांनी भिंतीवरच्या चित्रावर समजावलं. मानेत दोन्ही बाजूंना, रक्ताच्या मोठ्या नळ्यांमध्ये, प्रेशर ओळखणारी जागा असते. नळी ताणली की मेंदूला खबर जाते. मेंदू हृदयाला म्हणतो, हळू घे. बारीक नळ्यांना म्हणतो, सैल सोडा. प्रेशर पडलं की उलटा हुकूम. शिवाय पाणी आणि मीठ किती ठेवायचं, किती बाहेर टाकायचं, ते मूत्रपिंडं बघतात.

म्हणजे स्विच, कंट्रोल रूम, पंप, व्हॉल्व्ह, आत सोडायचं फीडचं पाणी. आख्खा बॉयलर की हो! एवढी वर्षं हा माल माझ्या अंगात आहे आणि कोणी एका शब्दाने बोललं नाही.

पुढे त्या असंही म्हणाल्या की प्रेशर फार दिवस चढलेलं राहिलं तर तो स्विच चढलेल्यालाच बरोबर समजायला लागतो, म्हणून गोळी. इकडे माझं लक्ष नव्हतं. डोक्यात योजना शिजत होती.

संध्याकाळी हिने विचारलं, गोळी घेतली का. म्हटलं, घेतली. खोटं नाही. घेतली होती, खिशात. आता पाकीट बॉयलर हाऊसमध्ये ग्रीसच्या रिकाम्या डब्यात आहे.

५ मार्च, गुरुवार

प्रयोग. मानेतला स्विच हाताने चालवून बघायचा. दोन्ही बाजूंनी अंगठे रोवले.

डोळ्यांपुढे काजवे. बसलो तो थेट चिंध्यांच्या ढिगाऱ्यात. दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर, ज्याला आम्ही चष्मेवाला म्हणतो, धावत आला आणि काय झालं म्हणून विचारू लागला. त्याला सांगितलं, चाचणी घेत होतो. निष्कर्ष: स्विच चालू आहे, जरा जास्तच तेज आहे. पुन्हा हात लावायचा नाही, असं सुरक्षेच्या दृष्टीने ठरवलं.

८ मार्च, रविवार

बीपीचं यंत्र घरी आणलं. पहिल्यांदा १६६. मग १७१. मग १५९. चौथ्यांदा १४८. १४८ लिहिलं. यंत्राला गरम व्हायला वेळ लागतो, हे कुठल्याही जाणकाराला कळतं.

मीठ बंद. हीदेखील अळणीच जेवली. म्हणाली, तुम्ही एकट्यानेच का सोसायचं. भाबडी आहे बिचारी.

९ मार्च, सोमवार

दुपारी गेटबाहेर खारे शेंगदाणे. मीठ वरच्या सालीला असतं. साल मी काढतो. बहुतेक.

११ मार्च, बुधवार

चष्मेवाल्याला रंगेहाथ पकडलं! खुर्चीत बसल्या बसल्या बॉयलरच्या प्रेशर गेजचा आकडा नोंदवत होता. न बघता, अंदाजपंचे! असा तापलो की विचारू नका. त्याला सुनावलं की मनाने आकडा लिहिणारा माणूस एक दिवस स्वतःही उडतो आणि चार जणांना घेऊन उडतो. गेज दाखवील तेच लिहायचं, आवडो न आवडो. तो मान खाली घालून ऐकत होता. माझा आवाज रंगखात्यापर्यंत गेला म्हणे.

घरी मोजलं. १८१, १७७, १७४, १६९, १५२. १५२ लिहिलं.

१४ मार्च, शनिवार

राग सोडला. सकाळीच सोडला.

दुपारी मॅनेजरने बोलावून विचारलं की तब्येतीचं काही असेल तर नव्या बॉयलरसाठी दुसरं कोणी बघू का. मी अगदी शांतपणे नाही म्हटलं. इतक्या शांतपणे की बाहेरचा शिपाई दार उघडून आत आला.

राग उद्यापासून सोडतो. उद्या रविवार आहे, सोपं जाईल.

चष्मेवाला आता दर वेळी उठून, गेजसमोर उभा राहून आकडा लिहितो. माणूस सुधारतो, सांगणारा खमक्या हवा.

१७ मार्च, मंगळवार

मुलीचा फोन. हिने तिच्या कानावर घातलेलं दिसतंय. म्हणाली, बाबा, आजोबांचं आठवा आणि गोळी चुकवू नका.

बाबांची मला कोणी आठवण करून द्यायला नको. जेवता जेवता हातातला घास खाली पडला आणि तोंड वाकडं झालं. नंतर त्यांच्या सदऱ्याच्या खिशात गोळ्या सापडल्या. मीच काढल्या होत्या.

पण त्यांना यंत्रांमधलं काही कळत नव्हतं. माझी गोष्ट वेगळी. विषय संपला.

आज मोजलं नाही.

२२ मार्च, रविवार

हुकमी योजना सुचली. इतके दिवस कशी सुचली नाही याचंच नवल. बॉयलर तपासायला माणूस यायच्या आधी आम्ही काय करतो? आग मंद करतो, थोडं पाणी सोडून देतो. काटा कसा शहाण्या मुलासारखा खाली येतो. तेच करायचं. उद्यापासून पाणी बंद, जेवण नावापुरतं, कढत पाण्याने आंघोळ करून घाम काढायचा. साधं गणित आहे. पाणी कमी, प्रेशर कमी.

२३ मार्च, सोमवार

दिवसभर थेंब नाही. जीभ टाळूला चिकटलीय. छातीत धडधड.

१६४. नाडी सुसाट. आत कोणीतरी माझा हुकूम धुडकावून पंप पळवतंय आणि नळ्या आवळून धरतंय. पाणी मी तोडलं तर मूत्रपिंडांनीही बाहेर सोडायचं जवळपास बंद केलंय. माझंच अंग आणि माझंच कोणी ऐकत नाही. यांची युनियन असणार.

उद्या नमतील.

२४ मार्च, मंगळवार

घडलं तसं लिहितो.

बसवून मोजलं. १७४ वर १०६. बाईंनी विचारलं, गोळी रोज घेतलीत ना? म्हटलं, एकही चुकवली नाही. त्यांचा चेहराच उतरला. म्हणाल्या, गोळी घेऊनही एवढं असेल तर प्रकरण साधं नाही. आणखी दोन गोळ्या, मूत्रपिंडांच्या तपासण्या, मोठं हॉस्पिटल. आणि बॉयलरच्या आसपाससुद्धा फिरकायचं नाही, कायमचं.

कायमचं! मी ताडकन उठलो. काहीतरी ठणकावून सांगणार होतो. नंतर दिसलं ते छत.

मी फरशीवर, पाय खुर्चीवर. बाई नाडी धरून बसलेल्या. मला चमच्याने पाणी पाजलं. म्हणाल्या, माणूस उभा राहिला की रक्त पायात उतरतं, मग मेंदू झटक्यात नळ्या आवळतो, हृदय पळवतो आणि तोल सांभाळतो. आयुष्यभर न सांगता करतो. पण तुम्ही आत पाणीच ठेवलं नाहीत तर त्याने सांभाळायचं काय?

तेवढ्यात चष्मेवाला धापा टाकत आला. मी पडल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं. हातात ग्रीसचा डबा. म्हणाला, यांच्या गोळ्या तिकडेच राहिल्या होत्या, आता लागतील म्हणून आणल्या. आणि झाकण उघडून पाकीट बाईंच्या हातात दिलं. एकही गोळी फोडलेली नव्हती.

बाई आधी पाकिटाकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता फाडून खाणार. पण त्यांनी हुश्श केलं. म्हणाल्या, सुटलात. एकच गोळी पुरेल बहुतेक, फक्त ती पोटात गेली पाहिजे. फिटनेस आज नाही. महिनाभर नीट घ्या, मग बघू.

नवा बॉयलर चष्मेवाल्याकडे गेला. हीच गोळी तो कित्येक वर्षं घेतोय. विसरू नये म्हणून चष्म्याच्या डबीत ठेवतो. मला म्हणाला, दादा, तुम्ही परत येईपर्यंत गेज नीट बघून लिहीन. इतक्या मनापासून म्हणाला की मला त्याच्यावर ओरडतासुद्धा आलं नाही.

२५ मार्च, बुधवार

भांडार. नटबोल्ट. लोक जाता जाता तब्येत विचारतात.

ग्रीसच्या डब्याची गोष्ट कालच हिच्या कानावर गेली होती. सकाळी गोळी आणि पाणी घेऊन पुढ्यात उभी राहिली. मी गिळली. तोंड उघडून दाखवा म्हणाली. दाखवलं. मग म्हणाली, इतके दिवस मी अळणी गिळत होते आणि तुम्ही गोळ्या डब्यात ठेवत होतात. बाबांच्या खिशातल्या गोळ्या तुम्ही काढल्यात, तुमच्या खिशातल्या मी काढायच्या का? आणि रडली.

मला लाज वाटली. चांगलीच वाटली. इथे लिहिलं म्हणजे झालं, तिला सांगायला जमलं नाही.

यंत्र लावलं. १६२ वर १००. पहिल्यांदा आलं तेच लिहिलंय, कारण ही शेजारी उभी होती.

दुसऱ्यांदा मोजलं असतं तर नक्की कमी आलं असतं. पण ही यंत्र उचलून आत घेऊन गेली.