फाटकाच्या घड्याळावरचा अग्रलेख

६ जानेवारी, मंगळवार
योगेश कॉलेजच्या पाक्षिकाचा, 'तापीकाठ'चा संपादक झाला तो भाषण चांगलं करतो म्हणून. अग्रलेख लिहायची वेळ आली की त्याचं पोट दुखतं. आज म्हणाला, "भाऊ, तुझं शुद्धलेखन पक्कं आहे, तूच लिहून दे ना. नाव माझं राहू दे, टेन्शन नको घेऊ." दहावीनंतर शाळा सुटली, पाच वर्षं कंपोझिंगच्या दुकानात लग्नपत्रिका टाइप केल्या. त्यात शुद्धलेखन येतं. अग्रलेख येत नाही. हे त्याला कोण सांगणार. चोविसाव्या वर्षी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसलोय, म्हणून सगळ्यांचा भाऊ. हो म्हणालो.
'तापीकाठ'चे मागचे सहा अंक काढून वाचले. सहाही अग्रलेखांचं शेवटचं वाक्य एकच: प्रशासनाने याकडे गांभीर्याने लक्ष द्यावे. कोणी? कशाकडे? कधीपर्यंत? कोणी दिलेलं नाही. मी प्रशासन असतो तर मीही दिलं नसतं.

९ जाने., शुक्र.
विषय घरातच सापडला. कविता, मामाची मुलगी. रोज डोईफोडिया गावाहून बसने कॉलेजात येते. साडेदहाला फाटक बंद, आणि सुपडूकाका वॉचमन तिला रोज उशिराच्या रजिस्टरात टाकतात. तीन उशीर म्हणजे एक गैरहजेरी. पंचाहत्तर टक्के भरले नाहीत तर परीक्षा नाही. अशा नावांची यादी फेब्रुवारीत लागणार. मामांनी तिला सांगून ठेवलंय, "यादीत नाव आलं तर कॉलेज बंद. एवढी धावपळ करून परीक्षाच नाही, तर जायचं कशाला?"
यो. म्हणाला, "बसवाल्यांना धू." धुतले. चार परिच्छेद. शेवटी वेळ कमी पडला आणि लिहिलं… लक्ष द्यावे. मीसुद्धा!

१४ जाने., संक्रांत
अंक काल निघाला. आमचे सल्लागार महाजन सर खूश. "भाषा ओघवती आहे. कोणी दुखावणार नाही." म्हणजे फुकट गेला.
दुखावला तो बसचा ड्रायव्हर. कोणीतरी त्याला वाचून दाखवलं. कविताने तिळगूळ दिला तो आपटूनच. ड्रायव्हर तिला भर बसमध्ये म्हणाला, "बेटी, मी रोज दहा-वीसला स्टँडवर उतरवतो. तेरे अखबारवाले को दिखता नहीं क्या?"
"मग तुला उशीर कसा होतो?"
"मला काय विचारतो? पेपरवाला तू ना? एक दिवस येऊन बघ."
गोड बोलायच्या दिवशी एवढंच बोलली.

१९ जाने., सोम.
स्टँडवर उभा राहिलो. बस दहा-एकोणीसला आली. कविता पुढे, मी वही घेऊन मागे. फाटकापाशी माझ्या फोनमध्ये दहा-सव्वीस. फाटक बंद. वरच्या घड्याळात दहा-छत्तीस की सदतीस, खालून नीट दिसेना. दहा मिनिटं तरी पुढे.
जुलैपासून मी याच फाटकातून रोज दहाला सायकल आत घेतो. एकदा मान वर केली नाही. आणि मी म्हणे तपासनीस.
काकांना म्हटलं, घड्याळ पुढे आहे.
"राहू दे. मीच ठेवलं."
"का पण?"
"तीस वर्षं नेपानगरले पेपर मिलमधी काढले, भाऊ. घरचं घड्याळ कायम पुढं. एक दिवस ड्यूटीले लेट नाही गेलो. या पोरायले पण सवय लागंल. चांगलंच आहे ना?"
इतक्या अभिमानाने सांगितलं की मी वही मिटली.
कविताला विचारलं, कोणी बोललं कसं नाही? "बोललो ना सगळ्या बसवाल्या मुली. काका म्हणतात, फोन तुझा, घड्याळ कॉलेजचं."

२१ जाने., बुध.
नवा अग्रलेख. दोनदा फाडला. पहिला वक्तशीरपणावर निबंध झाला. दुसऱ्यात यो.ने 'काळाचे क्रूर काटे' घातले. ते काढायला तासभर वाद.
तिसरा: प्राचार्य मॅडम, फाटकावरचे घड्याळ दहा मिनिटे पुढे आहे. ते बरोबर करावे, आणि यादी लागण्याआधी उशिराचे रजिस्टर पुन्हा तपासावे. खाली बसची वेळ, फाटकाची वेळ. एवढंच. पहिल्यांदा वाटलं, याला उत्तर द्यावंच लागेल.
मग तोच कागद पुन्हा वाचला. उत्तर कोणाला द्यावं लागेल? काकांना. ते ठेक्यावर आहेत. मॅडमनी एजन्सीला एक फोन केला की संपलं. नाव लिहिलं नाही, पण त्या घड्याळाला शिडी लावणारा माणूस एकच आहे.
महाजन सर: "घड्याळाचं काढ. वेळेचं व्यवस्थापन असं काहीतरी कर. सगळ्यांना लागू होतं." सर, सगळ्यांना लागू असलेलंच तर सहा अंक छापतोय. म्हणालो नाही. "बघतो सर" म्हणालो.
कविता: "काका वाईट नाहीत रे. उन्हातून आलं की बाटली भरून देतात. पण मी काय करू, सांग."

२३ जाने., शुक्र.
यो.: "छाप ना, धमाका होईल." म्हटलं, मग खाली नाव माझं टाक. इतक्या पटकन हो म्हणाला!
महाजन सरांना पुन्हा दाखवला नाही. छापण्याआधी काकांना मात्र वाचून दाखवला. ते डबा खात होते. हातातली भाकरी हातातच राहिली.
"म्हणजे माझ्यामुळं पोरी फेल?"
"फेल नाही काका. परीक्षेला बसता येणार नाही."
"तेच झालं ना."
त्यांनी डबा बंद केला. मी म्हणालो, "तुम्हाला नको असेल तर नाही छापत." का म्हणालो? नाही छापलं तर कविताचं…
"छाप. पण खोटं नको लिहू. दहा नाही, बारा मिनिटं. मी बारा ठेवले."
दहा खोडून बारा केलं. मी दोनदा तपासलं होतं.

२८ जाने., बुध.
अंक सकाळी निघाला. दुपारी तीनला ऑफिसचा शिपाई शिडी घेऊन आला आणि घड्याळ काढून घेऊन गेला. बरोबर केलं नाही. काढलंच! भिंतीवर गोल पांढरा डाग. रजिस्टरचं विचारलं तर "विचाराधीन." यो. नाचतोय: "जीत गये भाऊ!" काय जिंकलो?

२९ जाने., गुरु.
आज काकांनी मनगटावर पाहिलं, हात फाटकाला लावला, थांबले. मला हाक मारली. "तुझ्या फोनात किती?"
"दहा-सव्वीस."
"मग उघडं राहू दे. माह्या हातावरचं पण पुढंच आहे. तीस वर्षांचं आहे ते, एकदम नाही ऐकत."
कविता आत गेली. रजिस्टरात नाव नाही. जाताना काकांना तिळाचा लाडू दिला. मला नाही.

२ फेब्रुवारी, सोम.
यादी आज लागणार होती, लागली नाही. फाटकावर नवा माणूस. सुपडूकाका कुठे, विचारलं. "मालूम नहीं. मुझे आज से बोला है." फोनात बघून बरोबर साडेदहाला फाटक लावलं. कविता तीन मिनिटं आधीच आत होती. रिकामी बाटली हातात घेऊन तिथेच उभी राहिली.
काकांचा फोन बंद. ऑफिसात म्हणतात सुट्टीवर, शिपाई नकारार्थी मान हलवतो.
पुढच्या अंकाला नऊ दिवस आहेत. अग्रलेख आजच लिहिला. प्राचार्य मॅडम, सुपडूकाका कुठे आहेत? पुढे वाक्य सुचत नाही.
यो.ला दाखवला. म्हणाला, "भाऊ, यात अग्रलेखासारखं काय आहे?"