निळ्या डोळ्यांची पिल्लं

प्रिय बेनिताताई,

तुझं पत्र येऊन महिना झाला, उत्तराला काही हात लागत नव्हता. रागावू नकोस. माझी लेक नेली आता काय काय बोलते, असं विचारलंयस. ते शेवटी लिहिते. इथे पाऊस लागलाय. सकाळी माद्या व्यायच्या आणि व्यालेल्यांना पंधरा दिवसांनी पुन्हा नर दाखवायचा, सगळं एकाच धांदलीत. यंदा नर कोणाला दाखवायचा हेच मला कळेनासं झालंय.

आईने लग्नात दिलेल्या माझ्या लांब मानेच्या करड्या अल्पाका तुला आठवतात ना? करड्या लोकरीला कोणी विचारत नाही, म्हणून दोन वर्षांमागे मीच हट्टाने त्यांना आमचा पांढरा नर दाखवला. तीन पिल्लं झाली, पांढरीशुभ्र, डोळे निळे. सासूबाई हरखल्या. "सून हुशार निघाली गं बाई, उशिरा का होईना," असं ओढ्यावर सांगत सुटल्या. पण पिल्लं हाकेला वळेनात. कळप घराकडे निघाला तरी ही आपली चरतच. कोल्हा आला तेव्हा माद्या किंचाळल्या, बाकीची पिल्लं पळाली आणि यातलं एक जागचं हललं नाही. ते गेलं. मग जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही बहिरी आहेत, पांढऱ्याची आणि करड्याची जोड लावली की कधी कधी असं होतं.

मेल्कियादेस म्हणाला, "जोड तू लावलीस, आता निस्तर तूच. उरलेली दोन खाटकाला देऊ, त्यांची वीण वाढायला नको." बरोबरच बोलला. इथे सगळे हेच करतात, आपल्या बाबांनीही केलं असतं. मी मात्र नवऱ्याच्या तोंडावर नाही म्हटलं, आणि का, ते मला सांगता येईना. वर त्यातल्याच एका करड्या मादीजवळ काल पुन्हा तोच नर घेऊन गेले. काय मनात होतं देव जाणे. ती मुकाट खाली बसली, आणि मीच दोर ओढून त्याला मागे आणलं. सासूबाई म्हणाल्या, "तिची तयारी, त्याची तयारी, मग तुझंच घोडं कुठं पेंड खातंय?"

ताई, नेली बोलत नाही. अडीच वर्षं झाली, एक शब्द नाही. सासूबाई म्हणतात बापावर गेलीय, तोही उशिराच बोलला. मी मान डोलवते. परवा गारा पडल्या. पत्र्यावर असा आवाज झाला की चुलीपाशी मी दचकले, कुत्रं माझ्या घागऱ्यात शिरलं. नेली दाराकडे पाठ करून मक्याचे दाणे मांडत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही. तिचे डोळे काळेभोर आहेत गं, आईसारखे. मग हे कसं? आमचीच जोड चुकली का? माणसांचं असं नसतं हे कळतं मला, पण तुझ्या तोंडून ऐकायचंय. तू दवाखान्यात कामाला आहेस, तिथे कान तपासणारे डॉक्टर कोणत्या वारी येतात ते कळव, मी तिला घेऊन येते. मेल्कियादेसला अजून सांगितलेलं नाही. तो वाईट नाही, तुला माहीत आहे. पण 'खाटकाला देऊ' म्हणाला ना, तेव्हा नेली त्याच्याच मांडीवर बसली होती.

तुझीच, वाट बघणारी,
इलारिया