सात नंबरचा पट्टा

राजापूर,
गुरुवार, १४ फेब्रुवारी १९५२

प्रिय नासिर,

'प्रिय' हे सवयीने लिहून गेले. खोडणार होते, पण घरात कागद एवढाच आहे. आधी दुवासलाम, मग एकेकाची खुशाली, ही आपली रीत आज मला पाळवत नाही. इथे सगळे बरे आहेत. ह्यांचा खोकला उतरला, सकिना भिंत धरून चालायला लागली. झाली खुशाली.

तुझं कार्ड मंगळवारी मिळालं. आपाला काही लागलं नाही हे कळून तुझा जीव भांड्यात पडला म्हणतोस. आणि त्याच्याच खाली, तितक्याच वळणदार अक्षरात, खंडूने गाडी जपून हाकायला हवी होती म्हणून लिहितोस. मेल्या, हे तुला लिहवलं तरी कसं? मी त्या गाडीत होते. तू नव्हतास. खंडूने गाडी कशी हाकली ते तू मला रत्नागिरीत मोटार कंपनीच्या स्टोअरच्या खुर्चीत बसून सांगणार?

मग ऐक. त्या दिवशी तुझ्याकडून निघाले तेव्हा तूच मला सात नंबरच्या गाडीत पुढे, ड्रायव्हरशेजारी बसवलंस. मागे धक्के बसतात, पुढे आराम आहे म्हणालास. तुमच्या त्या जुन्या गाड्यांना पुढे दार नाही, नुसता चामड्याचा पट्टा, दोन्ही टोकांना लोखंडी आकडे, ते बाजूच्या कड्यांत अडकवायचे. कडेला मी होते. हातखंब्याला ठमाबाई चढली, सुक्या मासळीची पाटी टपावर टाकून. तिला गाडी लागायची. थोडं पुढे गेल्यावर तिचा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, "तू आत सर गो बाय, मला वारा लागू दे." मी आत सरले. तिने पट्टा स्वतःच्या हाताने अडकवला, ओढून पाहिला, आणि पदर तोंडाला लावून बसली.

पालीच्या पुढच्या वळणावर समोरून बैलगाडी आली. खंडू मुळात सावकाश चालला होता. त्याने ब्रेक दाबला, गाडी डावीकडे घेतली, बस. मला साधा धक्काही धड बसला नाही. ठमाबाईचं वजन पट्ट्यावर गेलं आणि पट्टा तुटला. ओरडलीसुद्धा नाही ती. मी तिचं लुगडं धरायला हात टाकला, तो रिकामाच परत आला. खाली चिऱ्यांचा ढीग रचलेला होता. तिसऱ्या दिवशी इस्पितळात तिने जीव सोडला. तुला हे सगळं ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण तुझ्या कार्डात तिचं नावसुद्धा नाही. 'झालं ते वाईट झालं' एवढंच आहे. काय झालं रे? कोणाचं झालं?

आता कंपनी म्हणते, खंडूने बेफाम गाडी हाकली. पट्टा नवाकोरा होता, स्टोअरच्या वहीत तशी नोंद आहे, खाली सही आहे. सही कोणाची? खंडू पंधरा दिवस कोठडीत आहे. हा तोच खंडू, ज्याने कंपनीच्या शेठच्या दारात चार खेपा घालून तुला ही नोकरी मिळवून दिली. पोरगा दर्यावर्दी घरचा आहे, शब्दाला पक्का आहे, असं सांगून त्याने तुझी हमी घेतली होती. त्याचे वडील मोरूकाका दाभोळला आपल्या अब्बांच्या मचव्यावर जन्मभर राबले. आपल्या घरची ईद त्या घरात जायची आणि त्यांचे गणपती आपल्या घरात यायचे. आणि तू मूग गिळून बसलास.

काल त्याची बायको काशी माझ्याकडे आली होती. मोहल्ल्यातल्या साऱ्या बायकांची पत्रं मीच लिहिते, हे तिला माहीत आहे. म्हणाली, नासिरभावजींना लिहा, ते स्टोअरमध्ये आहेत, त्यांना खरं काय ते माहीत असेल, ते आमच्या बाजूने दोन शब्द बोलतील. किती विश्वासाने बोलत होती ती! मी तिला चहा दिला आणि चुलीकडे तोंड करून उभी राहिले. तिच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही. तुझ्यामुळे, नासिर. माझ्या घरात, माझ्या चुलीपुढे मी चोरासारखी उभी होते.

सरकारचा हुकूम आला होता ना तुमच्याकडे? तूच मला सांगितलंस नोव्हेंबरात, मोठ्या ऐटीत. कुठेतरी कोणी पडलं, म्हणून सगळ्या गाड्यांचे झिजलेले पट्टे काढून घ्यायचे, नवे बसवायचे, तसं लिहून कळवायचं. तुम्ही एकेक गाडी बोलावून पट्टे काढलेतही. बारा गाड्यांचे पट्टे तुझ्या स्टोअरात येऊन पडले. तिथेच तू ते कापायला हवे होतेस. अब्बा काय करायचे? मचव्यावरचा दोर जरा उसवला की उतरवायचे आणि तिथल्या तिथे कोयत्याने दोन तुकडे करायचे. नवा दोर यायला महिना लागला तरी चालेल, मचवा उभा राहील, पण आख्खा दिसणारा कुजका दोर मचव्यावर ठेवायचा नाही, कारण घाईच्या वेळी हात नेमका त्यालाच जातो. तू लहान असताना कोयता धरायला धावायचास, मी तुला मागे ओढायची. एवढं बघून तुझ्या डोक्यात काय राहिलं? मुंबईहून नवं चामडं वेळेत येत नाही म्हणून शेठ म्हणाला, शिवा, काळं पॉलिश मारा आणि लावा परत. तू 'होय शेठ' म्हणालास. वर वहीत लिहिलंस, नवे.

मला हे कसं कळलं, असा प्रश्न तुला पडायला नको. डिसेंबरात तू पोत्यात भरून चार पट्टे माझ्याकडे घेऊन आलास. टपावरचं सामान बांधायचे पट्टे आहेत म्हणालास. शिडं शिवायची अब्बांची दाभण अजून तुझ्याकडे आहे, तुझ्यासारखे टाके रत्नागिरीत कोणाला येत नाहीत, अशी माझी खुशामत केलीस, आणि मी फुशारले. दोन दिवस ओटीवर बसून, दोऱ्याला मेण लावून मी ते शिवले. शिवताना तुला सांगितलंही होतं, आठव: दोरा टिकेल, पण कातडं मेलंय, वाकवलं की भेगा दिसतात. तू हसलास. म्हणालास, सामानाला काय होतंय.

ठमाबाईला चिऱ्यांवरून उचललं तेव्हा पट्ट्याचा अर्धा तुकडा तिच्या मुठीत होता. मी मूठ सोडवली. पाच टाके सरळ आणि एक आडवा, पुन्हा पाच सरळ आणि एक आडवा. असं अब्बा शिवायचे आणि आता मी शिवते, तिसरं कोणी नाही. टाके एकूण एक शाबूत आहेत. कातडं टाक्यांच्या भोकांवरून फाटलंय. तो तुकडा मी तेव्हाच ओढणीखाली लपवला. तुला वाचवायला लपवला, हेही ऐक. तुमच्या माणसाने त्याच संध्याकाळी उरलेला भाग काढून खरोखरीचा नवा पट्टा लावला. पंधरा दिवस मी त्या तुकड्यावर उशी ठेवून निजते आहे, आणि मला झोप येत नाही. तुझा राग येतो, माझाही येतो. फुशारकी मारताना मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही, सामानाच्या पट्ट्यांना आकडे कशाला?

सोमवारी अकरा वाजता खंडूचं काम कोर्टात निघणार आहे. मी रविवारी रत्नागिरीला येते, तुझ्या खोलीवर उतरणार नाही. साक्षीदाराला आधी नाव विचारतात म्हणे. अजरा, अयूब तांडेलची मुलगी, स्टोअरकीपर नासिरची सख्खी बहीण, असं सांगून मी तो तुकडा साहेबांपुढे ठेवणार आणि हे टाके माझे आहेत म्हणणार. ह्यांना मी सांगितलंय. ते म्हणाले, मी सोबत येतो. माझ्या आधी तू उभा राहून खरं बोललास, तर पुढे तुला जे काय भोगावं लागेल त्यात मी तुझ्या बरोबर आहे. नोकरी गेली तर माझ्या घरी ये, शिक्षा झाली तर डबा घेऊन मी येईन. नाही बोललास, तरी मी बोलणारच. धमकी समजू नकोस. हे पत्र उद्याच्या गाडीने कंडक्टर सदूच्या हाती पाठवते, म्हणजे तुला विचार करायला तीन दिवस मिळतील. ठमाबाईला तेवढी सूचनाही कोणी दिली नव्हती.

तुझीच, अजूनही,
आपा