रॉयस टॅकेटची सहा मतं

२ डिसेंबर, सोमवार

हॅनमनचा फोन आला. एक जुने मतदार कायमचे फ्लोरिडाला गेले, त्यांच्या जागी माझी नेमणूक. आमच्या काउंटीच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये कोण जाणार हे ठरवणाऱ्या आठ जणांत आता मी, वेंडेल क्रेब्स, एक आहे. हॉल म्हणजे हॅनमनच्या बोलिंग ॲलीतली टॉयलेटकडे जाणारी भिंत. असू दे. भिंतीवर फोटो आहेत आणि प्रत्येक फोटोखाली पितळी पट्टी आहे.

बायकोला, लॉर्नाला, सांगितलं. म्हणाली, "बरं झालं. जेवून घे."

अशा जबाबदारीच्या पदावरच्या माणसाने रोजनिशी ठेवावी. सुरुवात केली आहे.

३ डिसेंबर

मुद्दा एकच. रॉयस टॅकेट. डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, आमच्याच गावचा, मोठ्या लीगमध्ये अकरा वर्षं. सामने जिंकले त्र्याण्णव, हरले चौऱ्याण्णव. लोक तो शेवटचा एक हरलेला सामना धरून बसतात. त्या दिवशी त्याच्या मागे उभे असलेले खेळाडू झोपले होते हे कोणी बघत नाही.

भिंतीवर जायला आठपैकी सहा मतं लागतात. गेल्या वर्षी त्याला चार पडली. एका माणसाचं नाव दहा वर्षंच यादीवर राहतं आणि हे दहावं. यंदा नाही तर कधीच नाही.

यंदा मी आहे.

५ डिसेंबर

इथे नमूद करून ठेवतो की रॉयसची रूकी कार्डं, म्हणजे तो लीगमध्ये आला त्या वर्षी छापलेली त्याची पहिली कार्डं, माझ्याकडे बऱ्यापैकी संख्येने आहेत. बुटांच्या खोक्यांत. खोकी जेवणाच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात, कारण तिथे ओल नाही. लॉर्नाच्या लग्नातल्या प्लेट गॅरेजमध्ये आहेत. ती म्हणाली, "ख्रिसमसला माझी बहीण येतेय. तिला काय कार्डं वाढू?" विनोद म्हणून सोडून दिलं.

कार्डावर रॉयसचे डोळे मिटलेले आहेत. लोक म्हणतात फोटोवाल्याची चूक. मला ती एकाग्रता वाटते.

९ डिसेंबर, सोमवार

कार्डं तपासून दहापैकी गुण देणाऱ्या कंपनीकडे माझं सर्वांत चांगलं कार्ड पाठवलं होतं. आज प्लॅस्टिकच्या डबीत सील होऊन परत आलं. गुण चार. शेरा: छपाई एका बाजूला सरकलेली, पाठीमागे च्युइंगगमचा डाग.

डाग असणारच. त्या काळी पाकिटात गम असायचा. डाग हा अस्सलपणाचा पुरावा आहे. त्यांना तसं पत्र लिहायचं ठरवलं.

१० डिसेंबर

पत्र लिहिलं नाही. शब्द फार कडक येत होते.

१४ डिसेंबर, शनिवार

ऑयलरच्या कार्डांच्या दुकानात गेलो. ऑयलरही मतदार आहे. मी सुरुवात केली. तो म्हणाला, "वेंडेल, हॉल ऑफ फेममध्ये फेम असा शब्द आहे. रॉयसला त्याच्या गल्लीच्या पलीकडे कोण ओळखतं?" मी म्हणालो, गल्ली लांब आहे. तो म्हणाला, रॉयसची कार्डं त्याच्याकडे पडून आहेत, गिऱ्हाइकाला सुट्टे द्यायला नसले की तो ती देतो. मी ती सगळी घेतली. पूर्ण किंमत देऊन, म्हणजे बाजारात विश्वास टिकतो.

निघताना पुन्हा मुद्द्यावर आलो. ऑयलर म्हणाला, "तू आत्ता दुकानातून बाहेर पडणार असशील तर तू सांगशील त्याला मी मत देतो." मी ताबडतोब बाहेर पडलो.

एक मत पक्कं.

१६ डिसेंबर

पास्टर म्हणाले, "यावर मी प्रार्थना करीन." दुसरं. परमेश्वर डावखुऱ्यांच्या विरुद्ध असण्याचं काही कारण दिसत नाही.

१७ डिसेंबर

न्हाव्याकडे गेलो. तोही मतदार. वस्तरा गळ्याशी असताना मी त्याला रॉयसचे सातव्या मोसमातले आकडे सांगत होतो. तो म्हणाला, "हलू नकोस." आवाजात जिव्हाळा होता. तिसरं.

एका बाजूचा कल्ला थोडा जास्त गेला आहे.

२० डिसेंबर, शुक्रवार

मिसेस प्रुइट यांच्याकडे गेलो. वय ब्याऐंशी, चाळीस वर्षं काउंटीतल्या प्रत्येक सामन्याचं स्कोअरबुक त्यांनी लिहिलं. मी म्हणालो, रॉयसने सातव्या मोसमात सोळा सामने जिंकले. त्या म्हणाल्या, "बारा. आणि पाय पुसून आत ये." कॉफी दिली. मग म्हणाल्या, "तुला काय वाटतं, मी गेली नऊ वर्षं कोणाला मत देतेय?" हे मला विचारण्याचं कारण कळलं नाही. पण सूर अनुकूल वाटला. चौथं.

हार्डवेअरच्या दुकानातला बोमन म्हणाला, "बघू या." पाचवं. शाळेच्या कोचने फोन मध्येच ठेवला. नकार द्यायचा असता तर तो बोलून दिला असता. सहावं. हॅनमन अध्यक्ष आहे, तो गावाच्या बाजूनेच जाणार. सातवं.

मी धरून आठ. आठपैकी आठ!

१ जानेवारी, बुधवार

संकल्प. एक, रॉयसबद्दल दिवसातून एकदाच बोलणे. दोन, बोलिंग ॲलीतले चीज घातलेले नाचोज बंद. तीन, प्लेट परत कपाटात ठेवणे.

संध्याकाळी हॅनमनकडे गेलो, कारण रॉयसबद्दलचं आजचं एकदा बोलणं राहिलं होतं. तिथे नुसतं बसून राहणं बरं दिसत नाही म्हणून नाचोज. प्लेट उद्या.

७ जानेवारी

रॉयसच्या गॅरेजवर गेलो. तो सायलेन्सर बसवतो. गाडीखालीच होता. त्याच्या टेबलावर त्याच्याच रूकी कार्डांचा गठ्ठा! गॅरेजचा फोन नंबर पाठीमागे शिक्का मारून तो गिऱ्हाइकांना वाटतो. मी कळवळून म्हणालो, "रॉयस, निवडणूक होईपर्यंत तरी थांब." गाडीखालून आवाज आला, "अरे, व्हिजिटिंग कार्डं छापायची म्हणजे खर्च. ही घरात पडलीच होती."

मग तो बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, त्याला या हॉल-बिलचं काही नाही. लागला फोटो तर लागला. तेवढ्यात त्याची बायको डार्लीन आतून म्हणाली, "काही नाही म्हणे! नवा कोट आणलाय. पॅंट दोनदा उसवून घेतली. मुलगी डेन्व्हरहून रजा टाकून येतेय." रॉयस परत गाडीखाली गेला.

गाडीखालून विचारलं, "वेंडेल, कसं वाटतंय तुला?" मी म्हणालो, झोप निवांत.

११ जानेवारी

मतपत्रिका आली. उमेदवारांची नावं आणि पुढे चौकोन. टेबलावर ठेवून बराच वेळ बघितली. पद काय असतं ते अशा वेळी कळतं.

१२ जानेवारी, रविवार

एक नाजूक प्रश्न उभा राहिला आहे. या भिंतीवर आजवर कोणीही आठपैकी आठ मतांनी गेलेलं नाही. कूपर्सटाउनच्या मोठ्या, म्हणजे साऱ्या देशाच्या हॉलमध्येसुद्धा पिढ्यान्‌पिढ्या एकमताने कोणी गेलं नव्हतं. कितीही थोर खेळाडू असो, कोणीतरी एक शहाणा मतदार परंपरा म्हणून हात आखडता घ्यायचा. रॉयस थोर आहेच, पण त्या सगळ्यांच्या डोक्यावर त्याला बसवणं त्याच्यावरच अन्याय होईल. लोक त्याची टिंगल करतील.

शिवाय माझी खोकी. उद्या कोणी म्हणालं की वेंडेलने आपल्या कपाटाला मत दिलं, तर? पदाची प्रतिष्ठा राहते का?

सात मतं आहेत. सहा पुरतात. एक तसंही जास्तीचं आहे.

रात्री लॉर्नाला सहज विचारलं, सगळेच हो म्हणणार असतील तर एकाने नाही म्हटलं तर चालतं ना? ती बटाटे सोलत होती. म्हणाली, "सगळे हो म्हणणार हे कोण म्हणालं?" मी म्हणालो, हिशेब. ती म्हणाली, "हिशेब नाही विचारला. माणूस कोण म्हणाला?" तिला बेसबॉलमधलं फारसं कळत नाही.

१३ जानेवारी

रॉयसपुढचा चौकोन रिकामा ठेवला.  नुसती कोरी पत्रिका वाईट दिसते म्हणून गस डॉब्सला मत दिलं. अंपायर होता, वारला, त्याला कधी एकही मत पडत नाही. सौजन्य.

लिफाफा पेटीत टाकला. मन हलकं झालं. नाचोज.

१५ जानेवारी

रॉयसच्या भाषणासाठी काही मुद्दे काढून ठेवले. त्याला मित्रांचे आभार मानायचे असतील तर नावांचा क्रम काय असावा, वगैरे.

१८ जानेवारी, शनिवार. रात्री

निकाल.

बोलिंग ॲली गच्च. रॉयस नव्या कोटात. खांदे इतके रुंद आहेत की कोट मागे ताणला होता. डार्लीन. डेन्व्हरची मुलगी, हातात कॅमेरा. मी मुद्दाम मागे उभा राहिलो. श्रेय घ्यायला पुढे जाणं माझ्या स्वभावात नाही.

हॅनमन काउंटरवर चढला. बोलिंगचे बूट भाड्याने देणारा पोरगा म्हणाला, "गप्प बसा रे!" लोक गप्प बसले, फक्त शेवटच्या लेनवर कोणाचा तरी चेंडू जात राहिला.

हॅनमन म्हणाला, "रॉयस टॅकेट, पाच."

मला वाटलं तो पुढे काही म्हणेल. तो पुढे म्हणाला, "गस डॉब्स, एक." कोणीतरी हसलं. कोणीतरी विचारलं, गस डॉब्स कोण?

मुलीने कॅमेरा खाली घेतला. रॉयस हसला, हॅनमनशी हात मिळवला, सगळ्यांना बियर सांगितली आणि कोट काढून खुर्चीला लावला. डार्लीनने तो उचलून घडी घातला.

गद्दार तीन आहेत. म्हणजे दोन. माझी गोष्ट वेगळी आहे, ती तत्त्वाची होती.

१९ जानेवारी, रविवार

दिवसभर विचार केला. चूक कोचची आहे. फोन ठेवण्याऐवजी स्पष्ट बोलला असता तर माणूस वेगळी तजवीज करतो. बोमनचं "बघू या" हे तर सरळ फसवणूक आहे. मतदाराने शब्दाला जागावं.

लॉर्नाने विचारलं, "तू दिलंस ना?" मी म्हणालो, मतदान गुप्त असतं. ती उठली. मग गॅरेजमध्ये गेली आणि प्लेट घेऊन आली. खोकी जमिनीवर मांडून ठेवली आहेत. 

दुपारी वाटलं, रॉयसला भेटावं. या वेळी त्याला जवळच्या माणसाची गरज असणार.

२० जानेवारी, सोमवार

सकाळी गॅरेजवर गेलो. रॉयस एकटाच होता. मुलगी पहाटेच्या विमानाने गेली. मी म्हणालो, फार वाईट झालं. तो म्हणाला, "जाऊ दे रे. पाच जणांनी दिलं, हे काय कमी आहे? तू गावभर किती फिरलास ते मला माहीत आहे. न्हाव्याने सांगितलं, तुझा कल्ला त्यातच गेला." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. हाताला ग्रीस होतं. मी सरकलो नाही.

म्हणालो, मित्राला मत नाही द्यायचं तर कोणाला?

हे वाक्य मी ठरवून बोललो नाही. आपोआप आलं.

तो बाकावर बसला. म्हणाला, ज्यांनी मत दिलं त्यांचे शनिवारी रात्री घरी फोन येत होते. सगळ्यांना वाईट वाटलं. आणि तो एकेक बोट मिटत गेला. "मिसेस प्रुइट. त्या तर दर वर्षी देतात म्हणे, मला पत्ताच नाही. पास्टर. न्हावी. हॅनमन." मग हसला. "आणि ऑयलर! वर्षभर मला नावं ठेवतो आणि मत देतो, गाढव."

मूठ मिटली.

"आणि तू," असं म्हणून त्याने दुसऱ्या हाताचा अंगठा वर केला.

आणि त्या अंगठ्याकडे बघत राहिला.

मीही बघत होतो. दुसरीकडे कुठे बघावं ते सुचेना.

मग त्याने अंगठा खाली घेतला, उठला, हातमोजे घातले आणि विचारलं, "गाडीला काही झालंय का?"

म्हणालो, हो. आवाज येतो.

आवाज काही येत नाही. त्याने गाडी आत घेतली, दोन तास तिच्याखाली होता. मी बाकावर बसून राहिलो.