शेपटीला नंबर नसतो

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

नवं घर, नवी नोकरी, नवी वही. तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात मिळाल्या, त्यामुळे आज मी स्वतःवर खूश आहे, आणि तसं लिहायला मला अजिबात लाज वाटत नाही. परळच्या शाळेत अठरा वर्षं पीटी शिकवली. मुलं कमी होत गेली, तुकड्या बंद झाल्या आणि सगळ्यात आधी गरज संपली ती पीटीच्या बाईंची. त्याच वर्षी नवऱ्यालाही माझी गरज उरली नाही. असो. आता मिरा रोडला, नया नगरच्या पलीकडे, सातव्या मजल्यावर मी एकटी राहते. खिडकीतून उजवीकडे मान वाकडी केली तर डोंगर दिसतात.

नोकरी चेण्याला. ‘रानचाक ॲडव्हेंचर क्लब’. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. प्रत्यक्षात एक पत्र्याची शेड, वीस माउंटन बाइक आणि मालक जयकुमारभाई. त्यांची वाक्यं मराठीत सुरू होतात आणि हिंदीत संपतात. शनिवार-रविवार लोकांना चेणे नदीच्या खोऱ्यातून डोंगरावर न्यायचं आणि धडपणे परत आणायचं, एवढंच काम. म्हणाले, मॅडम, तुम्ही मुलं सांभाळलीत ना, ये भी बच्चे ही हैं, फक्त पोट सुटलेले.

माझं पोट सुटलेलं नाही. निशिगंधाबाई अजून वीस किलोमीटर न थांबता पायडल मारतात, हे सासरच्यांनी लक्षात ठेवावं.

१३ ऑक्टोबर, रविवार

पहिली फेरी. कालच्या दसऱ्याच्या झेंडूच्या माळा सायकलींच्या हँडलवर अजून होत्या. शेडपासून नदीकाठाने वर जायचं, दोनदा पात्र ओलांडायचं, मग चढ चढून खिंडीत पोचायचं आणि दुसऱ्या बाजूने घोडबंदर रोडलगतच्या माळावर उतरायचं. तिथे टेम्पो उभा असतो. पाऊस संपत आलाय, पाणी गुडघ्याएवढं, गोटे हिरवे आणि निसरडे. मी मनापासून हसले. वर्षभरात पहिल्यांदा.

पराग पुढे असतो. तिशीचा, कमी बोलणारा पोरगा. सगळ्यात मागे मी. मागच्याला इथे शेपूट म्हणतात. शेपटीने कुणालाही ओलांडायचं नाही. पुढचा थांबला की थांबायचं, त्याची चेन बसवायची, त्याची रड ऐकायची. प्रत्येक थांब्यावर मोजणी होते. ज्याने त्याने आपला नंबर ओरडायचा, एक, दोन, तीन. शेवटच्या नंबरानंतर मी ओरडायचं, ‘शेपूट बंद!’ मगच पराग पुढे निघतो.

शेपटीला स्वतःचा नंबर नसतो. का, असं विचारलं तर पराग म्हणाला, मोजणाऱ्याला कशाला मोजायचं. मला पटलं. हजेरी घेणाऱ्या बाईची हजेरी वर्गात कोण घेतं?

बारा नंबर म्हणजे जागृती. भाईंदरच्या एका पतपेढीत काम करते, केशरी हेल्मेट, उताराला घाबरते आणि तरी दर आठवड्याला नाव देते. मला टीचर म्हणते. थेपले आणले होते. म्हणाली, घरी सांगते की योगा क्लासला जाते, नाहीतर मम्मी बोलेल, गुडघे फोडून घेतलेस तर बघायला येणाऱ्यांना काय दाखवू? मुलगी गोड आहे. ती बारा नंबरची असल्यामुळे सबंध वाट माझ्या डोळ्यांपुढे तिचीच पाठ असते.

२० ऑक्टोबर, रविवार

एक गंमत. पायडल मारायचं थांबलं की मागच्या चाकाची टिकटिक सुरू होते, फ्रीव्हीलची. दुसरं पात्र ओलांडल्यावर उतारावर माझ्या चाकाची टिकटिक चालली होती. मी ब्रेक लावून थांबले. टिकटिक थांबली नाही. ती मागून येत होती.

मागे कुणीच नव्हतं. डोंगराचा प्रतिध्वनी असणार. जागृतीला सांगितलं तर ती आणखी हळू चालवायला लागली, म्हणून तिला पुन्हा काही सांगायचं नाही असं ठरवलं.

२७ ऑक्टोबर, रविवार

पुन्हा तीच जागा, दुसऱ्या पात्रानंतरचा उतार. या वेळी मी सायकलवरून उतरून उभी राहिले. टिकटिक जवळ आली, दहाएक हातांवर थांबली. लख्ख ऊन होतं. वाट पार वळणापर्यंत रिकामी.

परतल्यावर परागला विचारलं, माझ्या आधी शेपूट कोण होतं. एक जण होता, सोडून गेला, असं म्हणून तो चेनला तेल घालत बसला. तेल घातलेल्या चेनला पुन्हा तेल. पंधरा मिनिटं. अठरा वर्षं मुलांची खोटी पोटदुखी पाहिलेल्या बाईला हे कळत नाही असं समजतो की काय? जुनं रजिस्टर शेडमध्येच होतं. गुणवंत, मुक्काम राई. शेवटची फेरी गेल्या वर्षी जुलैत. नावापुढे परतल्याची खूण.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

फेरी नव्हती. भावाचा फोन यायचा नव्हताच, तो आला नाही. दुपारी रिक्षा करून राईला गेले. खाडीकडच्या जुन्या घरांत गुणवंतची आई, कमळाबाई, एकटी राहते. मी क्लबमधून आले म्हटल्यावर तिने आत घेतलं नाही, ओटीवरच बसवलं. बरोबर केलं.

क्लबने तिला सांगितलंय की तो फेरीवरून परत आला, भांडला आणि कुठेतरी निघून गेला. तिने तक्रार केली होती. पण रजिस्टरात परतल्याची खूण, बारा लोकांच्या सह्या. मग खोऱ्यात शोधायला कोण जाणार? गावात लोक म्हणतात, बाई घेऊन पळाला. ती मला एवढंच म्हणाली, “त्यो पलून जानारा न्हाय, बाय. जालं शिवाया घेतलेलं, आर्दा तसाच हाय.” आणि खुंटीवरचं जाळं दाखवलं.

मी तिच्याकडे पाणीसुद्धा न पिता आले. मला लाज वाटत होती. अजून कशाची ते कळत नव्हतं.

१० नोव्हेंबर, रविवार

काल परागला कोपऱ्यात गाठलं. तो रडला. गुणवंतच्या त्या शेवटच्या फेरीत दुसऱ्या पात्राला पाणी एकदम वाढलं. बारा जण कसेबसे पार झाले, बारा आकडे झाले. ‘शेपूट बंद’ ऐकू आलं नाही. पाऊस कोसळत होता, लोक कुडकुडत होते, निघा म्हणून ओरडत होते. परागला वाटलं, पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नसेल. त्याने स्वतःच ओरडून टाकलं, ‘शेपूट बंद.’ आणि सगळे निघाले. वर जाऊन भजी खाल्ली. शेपटीला नंबर नसतो, त्यामुळे मोजणी बरोबरच होती. संध्याकाळी जयकुमारभाईंनी खूण करायला लावली.

मी तडक जयकुमारभाईंकडे गेले. पोलिसांत जा म्हटलं. ते रागावले नाहीत. शांतपणे समजावलं की क्लब बंद होईल, पराग आत जाईल, आणि आदमी तो वापस आनेवाला नहीं. मग म्हणाले, “और मॅडम, तुमचं तरी दुसरं कोण आहे? ही नोकरी गेली तर संडेला कुठे जाणार?”

मी पोलिसांत गेले नाही. तेरी भी चूप, मेरी भी चूप. मुलांकडून रोज प्रार्थनेला ‘खरे बोलावे’ म्हणवून घेणारी बाई.

आज मागची टिकटिक इतकी जवळ होती की मानेवर वारा लागत होता. आणि मी एक गोष्ट केली. शाळेत एखादं मूल महिनोन्महिने आलं नाही तरी मी त्याचं नाव हजेरीत पुकारायचेच. पुकारणं थांबवलं की ते मूल खरोखर गेलं, असं मला वाटायचं. आज खिंडीत जागृतीने ‘बारा’ म्हटल्यावर, ‘शेपूट बंद’च्या आधी, मी हळूच म्हटलं, गुणवंत.

टिकटिक थांबली. उतारभर मागे काही नव्हतं. वाटलं, झालं प्रायश्चित्त. किती स्वस्तात.

१६ नोव्हेंबर, शनिवार

मागे शांत. पुढे मात्र चढावर मी पराग सोडून रांगेतल्या पाठी मोजल्या. तेरा. पुन्हा मोजल्या, बारा. चष्मा पुसून पुन्हा. बारा. लोक बारा, नंबर बारा.

कमळाबाईकडे जाऊन खरं सांगायला हवं होतं. पोलिसांत जायला हवं होतं. त्याऐवजी मी त्याला रांगेत घेतलं. मी कोण घेणारी?

उद्या फेरी झाली की राईला जाणार. नोकरी गेली तरी चालेल. नक्की.

१७ नोव्हेंबर, रविवार
सकाळी ११.१०

माळावरून एकटी परत फिरलेय, खिंडीखाली दम घ्यायला बसून लिहितेय. दुसऱ्या पात्राजवळ जागृती म्हणाली, टीचर, दोन मिनिटं, आणि लघवीला दगडांमागे गेली. मी पाठ करून उभी राहिले. मागे टिकटिक झाली. वळले तर केशरी हेल्मेट पुढे निघालं होतं. मी त्याच्या मागे गेले. सगळी वाट. तोंड एकदाही पाहिलं नाही.

खिंडीत त्या हेल्मेटने बारा म्हटलं. माळावर बारा म्हटलं. आवाज तिचाच. मी शेपूट बंद केली. टेम्पोत लोकांच्या सायकली चढवल्या तर अकरा. केशरी हेल्मेट कुठेच नाही.

जयकुमारभाई फोनवर म्हणाले, मोजणी बरोबर आहे ना, मग गेली असेल रिक्षाने, बंद करो. मी परागला सांगितलं, मी येईपर्यंत टेम्पो हलवायचा नाही, हवं तर पुन्हा मोज. तो माझ्याकडे बघत नव्हता. वॉकीटॉकी घेऊन निघालेय.

११.५०

तिची सायकल. दगडांमागे, जिथे ठेवली होती तिथेच. हेल्मेट नाही.

हाका मारतेय. खालून उत्तर आल्यासारखं —

१२.२०

सापडली. जिवंत आहे. खालच्या घळीत, दोन दगडांमध्ये पाय. मोडलाय. तिला काढताना वरचा गोटा सुटला. माझा घोटा गेला. उभं राहता येत नाही. फोनला रेंज नाही.

ती म्हणते तिने मला तीन हाका मारल्या. मी वळून बघितलं आणि निघून गेले, असं म्हणते. ती रागावलेली नाही. ते जास्त वाईट आहे.

सेटवर खरखर. पराग लागत नाही. पुन्हा —

१२.३५

पराग लागला. माझं त्याला ऐकू जात नाही, त्याचं मला येतंय. तो पुन्हा मोजतोय. देवा, मोजतोय. आता कळेल त्याला. एक. दोन. तीन. सगळे वैतागलेत. नऊ. दहा. अकरा.

बारा.

जागृतीचं डोकं माझ्या मांडीवर आहे. तिचे ओठ हलले नाहीत. तिनेही ऐकलं. माझा हात घट्ट —

आणि नंतर ‘शेपूट बंद’. बाईचा आवाज. खणखणीत, मैदानाच्या टोकापर्यंत जाणारा.

माझा.

पराग म्हणाला, आल्या मॅडम, चला. त्याच्या आवाजात किती सुटका होती. कुणी हसलं. टेम्पोचं दार —

बटण दाबून ओरडले. पराग, मी खाली आहे, दुसऱ्या पात्राजवळ, आम्ही दोघी —

उत्तर आलं. परागचं नाही. माझ्याच आवाजात, शांतपणे. तुम्ही कोण?

मी नाव सांगितलं. पूर्ण नाव सांगितलं.

ती म्हणाली, त्या नावाची हजेरी लागलीय, बाई.

टेम्पो सुरू झाला. ऐकू येतोय. लांब, अजून लांब. सेटचा दिवा गेला. ऊन अजून डोक्यावर आहे. जागृती विचारतेय, टीचर, येतायत ना ते? निघाले ना आपल्याकडे? मी तिच्या कपाळावर हात ठेवलाय आणि हो म्हण—