विमानांचे बंद डबे आणि माझा तिसरा हिस्सा

मी, अस्लम इब्राहीम होडेकर, वय सव्वीस, काम जहाजावर खलाशी, शिक्षण नववीपर्यंत (तेही सलग नाही), राहणार राजिवडा, रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहितो. अंगात ताप नाही, डोक्यात भ्रम नाही. कुणी धमकावलेलं नाही आणि कुणी चहा पाजून गोड बोललेलंही नाही. पुढच्या आठवड्यात मी मुंबईहून तेलाच्या टँकरवर चढणार आहे. टँकर आखातात जाणार. तिथे सध्या इराण आणि इराक एकमेकांच्या गिऱ्हाइकांची जहाजं फोडतात, म्हणून पगार दीडपट आहे. मी परत येईन असं धरून चाललोय, पण माझ्या धरण्यावर काही नसतं. म्हणून हा कागद.

एक. वारस. आईबाप हयात नाहीत, लग्न केलेलं नाही. सख्खी मोठी बहीण आसिया, म्हणजे माझी आपा, तिला खेडला दिली आहे. आणि अब्बांचे धाकटे भाऊ सुलेमानचाचा, ज्यांचं बाजारात फॉरेनच्या मालाचं दुकान आहे. मौलवीसाहेबांनी मला समजावून सांगितलं, की आपल्यात माणसाला स्वतःच्या मर्जीने फक्त तिसरा हिस्सा परक्याला लिहून देता येतो. बाकीचे दोन हिस्से वारसांचे, म्हणजे निम्मे आपाचे आणि निम्मे चाचांचे. त्यात माझं काही चालत नाही. मला हे ठीक वाटतं. मरायच्या गोष्टी निघाल्या की माणूस भलताच उदार होतो, हे नियम करणाऱ्याला माहीत असावं.

दोन. घर. नाही. राहतो ती खोली चाचांची आहे. तिच्यात अब्बांचा वाटा होता, तो अब्बा अंथरुणाला खिळले तेव्हा चाचांनी विकत घेतला. भाव चाचांनीच सांगितला आणि चाचांनीच मान्य केला. माझी तक्रार नाही, लिहून ठेवतो इतकंच. मागचा फणस मात्र आपाने लावलेला आहे. त्याचं एक तरी फळ दरवर्षी खेडच्या एस्टीत चढवावं. आपाला बरका, म्हणजे मऊ गिळगिळीत गऱ्यांचा, आवडत नाही, पण तो फणस बरकाच निघाला, त्याला इलाज नाही.

तीन. पोस्टातले पैसे आणि मनगटी घड्याळ वारसांनी नियमाप्रमाणे वाटून घ्यावं. घड्याळ कसं वाटायचं ते त्यांनी बघावं. हत्यारांची पेटी मी सोबत नेतो आहे, तिचं जे माझं होईल तेच होईल.

चार. आता डबे. हे प्लास्टिकच्या विमानांचे डबे आहेत. आत प्लास्टिकच्या सांगाड्याला चिकटलेले सुटे भाग असतात आणि एक चित्रांचा कागद असतो. चित्राप्रमाणे चिकटवत गेलं की वितीएवढं विमान होतं. ते उडत नाही. मुंबईच्या जकातीवाल्या साहेबानेही हेच विचारलं होतं, "उडतं काय रे?" नाही म्हटलं तर त्याला वाईट वाटलं, पण जकात त्याने पूर्ण घेतली.

प्रत्येक बंदरात उतरलो की मी एक डबा घेतो. असे न उघडलेले डबे कालपर्यंत खोलीच्या एका भिंतीला आढ्यापर्यंत रचलेले होते. एकच कंपनी, एकच विमान, चित्रसुद्धा तेच. पण कोबेत मला पंचेचाळीस रुपयांना पडलं, सिंगापुरात साठाच्या आसपास, दुबईत नव्वदला, आणि मुंबईत मुसाफिरखान्याकडच्या फॉरेन बाजारात त्याचे अडीचशे सांगतात. याचा मी डेकवर बसून पुष्कळ विचार केला आहे. एक तर डब्यात निम्मी हवा असते. जहाजाचं भाडं जागेवर लागतं, म्हणजे माल जितका लांब जाईल तितकं त्या हवेचं भाडं वाढतं. मग जकात. मग दुकानदार गिऱ्हाइकाकडे बघतो. दुबईत एका मलबारी दुकानदाराशी मी घासाघीस करत होतो तर तो म्हणाला, "तुम जहाजवाला एक घंटा आता है. दूसरा दुकान कब देखेगा?" हे खरंच होतं. मी घेतला.

कोबेत मात्र एक मोठं बाँबफेकी विमान लहान विमानाच्याही खालच्या भावात पडून होतं. दुकानातल्या पोरीने मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की महायुद्धात याच जातीच्या विमानांनी हे शहर जाळलं, म्हणून इथे कुणी घेत नाही. म्हणजे भाडं, जकात, नफा यांच्यापलीकडेही काहीतरी भावात बसलेलं असतं. आखातात टँकर फोडायला ज्या जातीची विमानं येतात म्हणतात, त्यांचाही एक डबा माझ्याकडे आहे. तो मला दुबईतच मिळाला, नेहमीच्या भावात. विषय लांबला.

पाच. हे डबे मी यमुनाबाईंना देऊ इच्छितो. यमुनाबाई म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारी यमुनामावशी, सोनारांसाठी काळी पोत गुंफून देते. मी मुळात एकही विमान पुरं केलेलं नाही. पहिलं सिंगापूरहून आणलं, दोन तुकडे चिकटवले आणि कंटाळून तिच्या ओट्यावर ठेवून जहाजावर गेलो. परत आलो तर ते तिच्या खिडकीत पोतीच्या दोऱ्याला टांगलेलं. म्हणाली, "काय रे मेल्या, एवढं लांबून आणलंस नि पंखसुद्धा लावले नाहीस?" तेव्हापासून मी आणतो आणि ती जोडते. एक पुरं झाल्याशिवाय दुसरा डबा मागत नाही. हल्ली सोनार मुंबईहून तयार पोती मागवतात. तिला काम येत नाही. एकदा म्हणाली, "पोटाचं बघते रे मी, मुलगा पाठवतो. पण हात नुसते मांडीवर ठेवून बसवत नाही." माझ्यामागे हे डबे चाचांच्या दुकानात गेले तर तिच्या हातांना काही उरणार नाही.

सहा. अडचण. डबे तिसऱ्या हिश्श्यात बसतात की नाही ते त्यांच्या किमतीवर ठरणार. काल पडवीत चाचा आले, मावशी होती, खाली सही करणारे दोन्ही साक्षीदार, धोंडू भाटकर आणि बाबू शिवलकर, होते. मी म्हटलं, मी दिलेला भाव धरा. त्या भावाने डबे तिसऱ्या हिश्श्यात आरामात बसत होते.

चाचा म्हणाले, "तो भाव जपानात, पोरा. माल पडलाय राजिवड्यात. जिथं माल, तिथला भाव. जसा माल, तसा भाव. मी काय आज धंद्यात आलो?"

इथला भाव म्हणजे चाचांच्या दुकानातला, आणि तो मुंबईचाच. त्या भावाने डबे माझ्या बाकीच्या सगळ्या मालमत्तेपेक्षा जास्त भरले. जवळजवळ निम्मे डबे वारसांकडे जाणार. आपा आपले सोडेल, चाचा सोडणार नाहीत. मौलवीसाहेबांना विचारलं होतं, तर तेही चाचांच्याच बाजूचे निघाले, म्हणजे नियमाच्या.

मावशी म्हणाली, "राहू दे रे अस्लम्या. दुकानात शोभतील ते."

मी चाचांना विचारलं, "आणि डबा फोडलेला असला तर?"

"फोडलेला माल गिऱ्हाईक हातात धरत नाही. भंगारवाला नेईल, किलोवर."

"हे नक्की?"

"चाळीस वर्षं दुकानात बसलोय मी. तू मला शिकवतोस काय?"

सात. म्हणून मी कातर घेतली आणि एकेक डबा खाली काढून वरचा कागद फाडला, आतल्या पिशव्या कापल्या, प्रत्येक विमानाचा एक पंख सांगाड्यातून तोडून वेगळा केला. चाचा आधी हसले, मग माझा हात धरायला उठले, तर धोंडू भाटकर मध्ये उभा राहिला. म्हणाला, "माल त्याचा हाय ना, चाचा? जिता हाय तो अजून." मावशी तेवढी ओरडली, तीही माझ्यावर, "अरे एकदम सगळे नको, तुकडे मिसळतील." आणि जुनं लुगडं आणून फाडायला बसली, प्रत्येकाची निराळी पुरचुंडी बांधायला. अंधार पडेपर्यंत आम्ही तेच करत होतो.

आठ. सबब ते सर्व डबे, जसे आहेत तसे आणि जिथे आहेत तिथल्या भावाने, माझ्या तिसऱ्या हिश्श्यात बसतात, आणि ते मी यमुनाबाईंना देतो. जाताना चाचा पायरीवरून म्हणाले, "तो कचरा माझ्या वाटणीत धरू नकोस." हे त्यांचे शब्द आहेत, दोन्ही साक्षीदारांनी ऐकले आहेत, आणि त्याप्रमाणे मी ते डबे त्यांच्या वाटणीत धरलेले नाहीत.

वरील मजकूर दोनदा वाचला, एकदा मोठ्याने. खाडाखोड आहे ती माझीच.

सही: अस्लम इब्राहीम होडेकर

आमच्यासमोर अस्लमने सही केली. कलम आठमधले सुलेमान होडेकर यांचे शब्द आम्ही स्वतः ऐकले:
१. धोंडू भाटकर, होडीवाला, राजिवडा
२. बाबू शिवलकर, पोस्टमन, रत्नागिरी

मुक्काम राजिवडा, रत्नागिरी
१८ ऑक्टोबर १९८७